शुगरची नेमकी कुठली टेस्ट करायची? फास्टिंग, पीपी, एचबीए१सी, जीटीटी आणि आमच्या इंदूरचे पोहे

सकाळी साडेसातला लॅब उघडली की आमचा पहिला प्रश्न ठरलेला, काही खाल्लंय का. एकदा रामबागेतल्या एक आजी आल्या, एकादशी होती, म्हणाल्या नाही गं बाई, कडक उपास आहे. मी दंडाला पट्टा बांधला, सुई हातात घेतली आणि त्या सहज म्हणाल्या, फक्त वाटीभर साबुदाण्याची खिचडी घेतली आणि अर्धा कप चहा. सोडला पट्टा. चूक त्यांची नव्हतीच, आमच्या काउंटरवरच्या पोराने फोनवर ‘उपास करून या’ असं सांगितलं होतं, आणि आपल्या घरात उपास म्हणजे खिचडी, मोरधन (वरई), रताळं, बटाट्याचा कीस, म्हणजे रोजच्यापेक्षा पिष्टमय जास्तच. तेव्हापासून मी फोनवर ‘उपाशी पोटी या’ एवढंच म्हणते, उपास हा शब्दच बंद केला.

मी इथे इंदूरला चोवीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. डॉक्टर नाही, त्यामुळे गोळी कुठली घ्यायची ते मला विचारू नका, पण रक्त कसं काढतात, कुठल्या ट्यूबमध्ये जातं, मशीन काय मोजतं आणि रिपोर्टवर तो आकडा कसा येतो हे रोज हाताखालून गेलंय. आणि नातेवाईकांपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच, ताई, फास्टिंग तर ९८ आली पण एचबीए१सी ६.६ दाखवतोय, मग मला डायबिटीस आहे की नाही? म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

सगळ्यात आधी हे डोक्यात ठेवा, की या टेस्ट एकाच गोष्टीची चार मापं नाहीयेत, प्रत्येकीचा प्रश्न वेगळा आहे. फास्टिंग बघते की रात्रभर काही न खाता लिव्हर किती साखर रक्तात सोडतंय, जीटीटी बघते की एकदम गोड आलं तर शरीर ते दोन तासात उचलतं का, एचबीए१सी बघते की गेल्या दोन-तीन महिन्यात एकूण किती साखर फिरत होती, आणि पीपी बघते की नेहमीच्या जेवणानंतर दोन तासांनी साखर किती आहे. त्यामुळे एकीत पास आणि दुसरीत नापास होणं हे अगदी नेहमीचं आहे, लॅबने घोळ घातला असंच काही नसतं (कधीकधी घालतात, तेही पुढे सांगते).

आधी बघा, टेस्ट लागतेय का

२०२३ मध्ये आयसीएमआर-इंडियाबचा देशभराचा अभ्यास आला, त्यात भारतात १०.१ कोटी लोकांना डायबिटीस आणि १३.६ कोटींना प्रीडायबिटीस (साखर नॉर्मलपेक्षा जास्त, पण डायबिटीसच्या हद्दीच्या आत) असा अंदाज निघाला. म्हणजे आपल्याला काही होत नाही हो, असं म्हणणारे बरेच जण त्या आकड्यात बसलेले असणार. सरकारी कार्यक्रमातही ३० वर्षांपुढच्या सगळ्यांची शुगर बघायची पद्धत आहे.

घरबसल्या अंदाज घ्यायचा तर चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेने बनवलेला इंडियन डायबिटीस रिस्क स्कोअर आहे, त्याला रक्त लागत नाही, मेजरिंग टेप पुरते. वय ३५ च्या आत असेल तर शून्य, ३५ ते ४९ ला २०, पन्नास किंवा पुढे ३०. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत शून्य, ९० ते ९९ ला १०, शंभर किंवा वर २०. बायकांना हेच ८० आणि ९० वर धरायचं. व्यायाम आणि अंगमेहनतीचं काम दोन्ही असेल तर शून्य, दोन्हीतलं एक असेल तर २०, काहीच नसेल तर ३०. आई किंवा वडील एकाला डायबिटीस असेल तर १०, दोघांना असेल तर २०. साठ किंवा वर गेलात की धोका जास्त. आमचे मोठे दीर ५२ वर्षांचे, कंबर ९४, दुकानात दिवसभर गादीवर बसून, आईला शुगर होती, करा बेरीज, ३० आणि १० आणि ३० आणि १०, झाले ८०. ते म्हणाले मला तर काहीच त्रास नाही. बरोबर आहे, सुरुवातीला बहुतेकांना नसतोच.

लक्षणं असतील तर लाईन सोडून पुढे या

सारखी तहान, रात्री चार-चारदा लघवीला उठणं, खाऊनही वजन उतरणं, हे सगळं होत असेल तर फास्टिंगसाठी उद्याची वाट बघू नका, जशा आहात तशा जाऊन रँडम शुगर करा. अशी ठळक लक्षणं आणि रँडम २०० किंवा वर असेल तर निदान तिथेच होतं, दुसऱ्या टेस्टची गरज नाही. आणि माणूस बारीक असेल, काही आठवड्यात झपाट्याने वजन गेलं असेल, उलट्या होत असतील, धाप लागत असेल, तर नेहमीचा टाइप टू असेलच असं धरून बसू नका, तो टाइप वन (ज्यात शरीरात इन्सुलिन बनणंच जवळजवळ बंद होतं) असू शकतो, मोठेपणीही होतो, आणि तेव्हा त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. बाकी आपण सगळे, ज्यांना काही होत नाहीये, त्यांच्यासाठी पुढचं.

फास्टिंग

सगळ्यात स्वस्त, सगळीकडे होणारी. कमीत कमी आठ तास पोटात काही नको, साधं पाणी चालतं, चहा चालत नाही, बिनसाखरेचाही नाही, च्युइंगम आणि गुटखाही नाही (आमच्याकडे हे सांगावं लागतं). १०० च्या आत नॉर्मल, १०० ते १२५ प्रीडायबिटीस, १२६ किंवा वर डायबिटीसच्या हद्दीत. हे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. घरातली जुनी मंडळी अजून १४० धरून बसलेली असतात, ती हद्द १९९७ मध्ये १२६ वर आणली, तर वडिलांचा जुना रिपोर्ट काढून तुलना करू नका. आणि काही रिपोर्टवर प्रीडायबिटीस १०० ऐवजी ११० पासून छापलेला दिसेल, तो जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, १०० अमेरिकन डायबिटीस असोसिएशनचा. डायबिटीसची १२६ ची रेघ दोघांची सारखीच.

फास्टिंगची कमजोरी अशी की ती एका सकाळचीच असते. रात्री झोप झाली नाही, ताप होता, नुकतंच घरात काही वाईट झालं, की चढते, आणि तसंही त्याच माणसाची आज आणि परवाची फास्टिंग पाच-दहा आकड्यांनी इकडे-तिकडे होते. दुसरं म्हणजे ज्यांची शुगर फक्त जेवणानंतर चढते ते हिच्यातून सरळ निसटतात. असे लोक आपल्यात भरपूर आहेत.

आणि इंदूरची खास अडचण म्हणजे सराफा, आमचा रात्रीचा खाऊबाजार. रात्री बारा-साडेबाराला गराडू आणि जलेबा खाऊन माणूस सकाळी साडेसातला लॅबमध्ये हजर, आणि वर सांगतो की सकाळपासून काही खाल्लं नाही. सकाळपासून नाही हो, आठ तास! घड्याळ लावून मोजा.

एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची

हिच्यावर जरा वेळ घालवते, कारण लोकांचा सगळ्यात जास्त विश्वास हिच्यावर आणि सगळ्यात जास्त गोंधळही हिच्यातच.

रक्तातल्या लाल पेशीत हिमोग्लोबिन असतं, त्याला रक्तातली साखर हळूहळू चिकटत जाते आणि चिकटली की पेशी मरेपर्यंत सुटत नाही. पेशी जगते साधारण १२० दिवस. मग एकूण हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांना साखर चिकटलीय ते मोजलं की मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो, त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा जवळजवळ निम्मा असतो. ५.७ च्या आत नॉर्मल, ५.७ ते ६.४ प्रीडायबिटीस, ६.५ किंवा वर डायबिटीसची हद्द. निदानासाठी ही टेस्ट तशी नवीनच, अमेरिकन असोसिएशनने २०१० मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मान्य केली, आणि संघटनेने तेव्हाच लिहून ठेवलंय की ६.५ च्या खाली आली म्हणून साखर मोजून निघालेला डायबिटीस खोटा ठरत नाही.

सोय मोठी आहे. उपाशी राहायला नको, दिवसात कधीही द्या, कालच्या जिलबीने काही फरक पडत नाही, आणि आदल्या चार दिवसांत भात बंद करून मशीनला फसवता येत नाही. महाग आहे, फास्टिंगच्या कितीतरी पट.

पण ही टेस्ट साखरेइतकीच लाल पेशीवरही अवलंबून आहे, आणि पेशीचं आयुष्य बिघडलं की आकडा बिघडतो. शेजारच्या वहिनी, वय ४१, हेल्थ पॅकेजमध्ये एचबीए१सी ६.७ आली, रडवेल्या होऊन आल्या. मी रिपोर्टचं दुसरं पान उलटलं तर हिमोग्लोबिन जेमतेम ८.४ आणि फास्टिंग ९२. पाळीचा त्रास कित्येक वर्षांचा, अंगात लोह नाही. लोह कमी असलं की नवीन पेशी हळू बनतात, जुन्याच जास्त दिवस फिरत राहतात, त्यांना साखर चिकटायला वेळ जास्त मिळतो आणि आकडा खोटाच वर जातो. डॉक्टरांनी आधी लोह भरून काढलं, मधे जीटीटी केली तर दोन तासांची १२८, आणि चार महिन्यांनी एचबीए१सी ५.६. दरम्यान त्यांच्या सासूबाईंनी घरातली साखरेची बरणी लपवून ठेवली होती, तो वेगळाच विषय.

उलटंही होतं. पेशी लवकर फुटत असतील, नुकतंच रक्त गेलं असेल किंवा रक्त चढवलं असेल, डायलिसिस आणि त्यातली रक्त वाढवायची इंजेक्शनं चालू असतील, गरोदरपण असेल, तर आकडा खोटाच खाली येतो. थॅलेसेमिया मायनर किंवा सिकलसेलचा गुण (दोन्ही हिमोग्लोबिनचे आनुवंशिक दोष) असेल तर मशीन आणि पद्धतीप्रमाणे आकडा गडबडू शकतो. हे आपल्याकडे पुस्तकी नाही बरं का, सिंधी घरांमध्ये थॅलेसेमिया मायनर बऱ्यापैकी सापडतो आणि इंदूरला सिंधी वस्ती केवढी, शिवाय झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी पट्ट्यात सिकलसेल आहे. म्हणून एचबीए१सी शक्यतो एचपीएलसी मशीनवर (जे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून मोजतं) करा आणि तिचा ग्राफ रिपोर्टला जोडून मागा, त्यात भलत्या जागी जादा टोक दिसलं की आम्हाला लगेच शंका येते. लॅबला एवढं विचाराच की पद्धत एनजीएसपी (एचबीए१सीच्या पद्धती तपासून प्रमाणित करणारा अमेरिकन कार्यक्रम) प्रमाणित आहे का. विचारलं की काउंटरवरचा तोंडाकडे बघतो, बघू द्या.

एक अजून. रिपोर्टवर खाली ‘सरासरी ग्लुकोज’ म्हणून १४०, १५४ असं लिहिलेलं असतं, त्यावरून लोक भांडायला येतात की माझी शुगर कधी १४० झालीच नाही. ती मोजलेली नसते हो. एचबीए१सीला २८.७ ने गुणून ४६.७ वजा करतात, बस. ६.५ चे झाले १४०.

जीटीटी, म्हणजे ग्लुकोज पिऊन दोन तास

ही सगळ्यात कंटाळवाणी आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. लोकांना वाटतं ती गरोदर बायकांचीच असते. नाही, मोठ्या माणसात जेवणानंतरची गडबड पकडायला हिच्यासारखी दुसरी नाही. उपाशी पोटी पहिलं रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज अडीचशे-तीनशे मिली पाण्यात, पाच मिनिटात संपवायचं, आणि पहिला घोट घेतला तिथून घड्याळ सुरू, बरोबर दोन तासांनी दुसरं रक्त. १४० च्या आत नॉर्मल, १४० ते १९९ प्रीडायबिटीस, २०० किंवा वर डायबिटीसची हद्द. २०२४ पासून आंतरराष्ट्रीय डायबिटीस फेडरेशन एक तासाच्या रक्ताचाही आकडा सांगते, १५५ ला सावध आणि २०९ ला डायबिटीस, पण तुमचे डॉक्टर वापरतात का ते त्यांनाच विचारा, बहुतेक ठिकाणी अजून दोन तासांवरच चालतं.

आता हिच्यात लोक काय काय करतात ते ऐका. एक म्हणजे आधी तीन दिवस डाएट. नवरात्र संपल्या संपल्या किंवा पोळी-भात सोडलेला असताना ही टेस्ट केली तर शरीराला साखर हाताळायची सवय सुटलेली असते आणि आकडा खोटाच वर येतो. आधीचे तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं, म्हणजे नेहमीचं दोन्ही वेळचं पोळी-भाजी-वरण-भात जेवण, त्यात हिशेब करत बसायची गरज नाही. दुसरं, ग्लुकोज प्यायलं की लोक खाली जाऊन चकरा मारतात, चालल्याने शुगर उतरते, मग टेस्टचा उपयोग काय. बाकावर बसून राहायचं, मोबाईल बघा, सिगारेट नाही. तिसरं, उलटी झाली तर टेस्ट रद्द, लपवू नका. चौथं, घरून संत्र्याच्या चवीची पावडर आणू नका, त्यात साधी साखर मिसळलेली असू शकते, लॅबचंच मोजलेलं ग्लुकोज घ्या, फार मळमळलं तर आम्ही थोडं लिंबू पिळून देतो.

मोठे दीर, ८० स्कोअरवाले. फास्टिंग १०९, एचबीए१सी ६.१. फॅमिली डॉक्टर म्हणाले जरा गोड कमी करा. मी मागे लागून जीटीटी करायला लावली, दोन तासांची २१६. दहा दिवसांनी परत केली, २०९. झालं निदान. फास्टिंग आणि एचबीए१सीवर थांबलो असतो तर अजून दोन-तीन वर्षं सकाळी पोहे-जिलबी आणि संध्याकाळी कचोरी असंच चाललं असतं.

पीपी आणि घरचं मशीन

आपल्याकडे प्रत्येक चिठ्ठीवर ‘फास्टिंग पीपी’ लिहितात, जोडीने, वरण-भातासारखं. पीपी म्हणजे जेवणाच्या पहिल्या घासापासून दोन तासांनी (शेवटच्या घासापासून नाही). पण जेवण काय होतं? एकाने पोहे-जिलबी आणि वर शिकंजी, दुसऱ्याने घाबरून मुगाची खिचडी चार चमचे. दोघांचे आकडे एका तराजूत घालता येत नाहीत, म्हणून निदानाच्या नियमात जेवणानंतरची पीपी नाहीच, तिथे मोजलेलं ७५ ग्रॅम ग्लुकोज लागतं. डायबिटीस ठरल्यावर औषध-जेवण जुळतंय का बघायला पीपी उत्तम. आधी मात्र १७०-१८० आली तर तो जीटीटी करून घ्यायचा इशारा समजा.

बोटाला टोचायच्या मशीनवर तर निदान करूच नका. त्या मशीनच्या मानकातच १५ टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे खरी १२६ असेल तर ते १०७ ही दाखवेल आणि १४५ ही, आणि दोन्ही वेळा मशीन पासच. त्यातून बोटाला जिलबीचा पाक लागलेला असेल तर विचारूच नका, एका काकांची अशी २८० आली होती, साबणाने हात धुवून परत घेतली तर १३१.

लघवीतली शुगर साधारण १८० च्या वर रक्तात गेली तरच दिसते, तर ती नसणं म्हणजे काहीच नाही. पॅकेजमध्ये इन्सुलिन लेव्हल, होमा-आयआर, सी-पेप्टाइड असं चमचमीत टाकलेलं असतं, निदानाला ते लागत नाही, तो पैसा जीटीटीला ठेवा.

मग मी कुठली करू?

माझं साधं म्हणणं असं. पहिल्यांदाच बघत असाल, हिमोग्लोबिन ठीक असेल, तर एकाच सकाळी फास्टिंग आणि एचबीए१सी दोन्ही द्या, एकदाच टोचून होतं आणि दोन बाजूंनी कळतं. सोबत सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी) जोडा, त्याशिवाय एचबीए१सीवर भरवसा ठेवता येत नाही आणि ती महाग नसते. रक्त कमी असेल, थॅलेसेमिया-सिकलसेल घरात असेल, किडनीचं काही असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल, तर एचबीए१सी बाजूला ठेवून फास्टिंग आणि जीटीटी. फास्टिंग १०० ते १२५ मध्ये अडकलीय किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ मध्ये, आणि स्कोअर जास्त आहे, तर जीटीटी कराच. फास्टिंग आधीच १२६ च्या वर असेल तर मात्र उगाच ग्लुकोज पिऊ नका, तिथे फास्टिंग परत किंवा एचबीए१सी पुरते. बजेट अगदीच तंग असेल तर नुसती फास्टिंगही काहीच न करण्यापेक्षा बरी, पण नॉर्मल आली म्हणून पाच वर्षं निवांत होऊ नका.

ताप, न्यूमोनिया, ऑपरेशन, किंवा दम्यासाठी-गुडघ्यासाठी स्टेरॉइड चालू असताना कुठलीच निदानाची टेस्ट करू नका, डॉक्टरांनी त्याच वेळी सांगितलं तर गोष्ट वेगळी. बरं झाल्यावर परत करा.

रक्त देताना डोळे उघडे ठेवा

हा भाग कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. रक्त काढल्यावरही त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि त्या नळीतली साखर खात बसतात, तासाला पाच ते सात टक्के, उन्हाळ्यात अजून जास्त. म्हणून साखरेचं रक्त राखाडी टोपणाच्या फ्लोराइड ट्यूबमध्ये घेतात, आणि फ्लोराइडचाही पूर्ण असर व्हायला तास-दोन तास जातात, तर नमुना लवकर सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये गरगर फिरवून प्लाझ्मा (पेशींशिवायचा पातळ भाग) वेगळा करणं महत्त्वाचं. एचबीए१सी आणि सीबीसीचं जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये.

मे महिन्यात माझ्या नवऱ्याचं रक्त मी घरीच बोलावून दिलं, माझी सुट्टी होती, एका कलेक्शनवाल्याला सांगितलं. मुलगा सकाळी सातला आला, सगळं रक्त एकाच लाल टोपणाच्या नळीत भरलं, बाईकच्या डिकीत टाकलं, आणि पुढची सात घरं करून दुपारी बाराला लॅबला पोचला. फास्टिंग आली ८८. हे खूश! मी दुसऱ्या दिवशी स्वतः काढून राखाडी ट्यूबमध्ये घेऊन अर्ध्या तासात फिरवलं, १२१. म्हणजे पाच तासात पेशींनी आमची शुगर नॉर्मल करून दिली होती. तर घरी येणाऱ्याला विचारा, राखाडी ट्यूब आहे का, बर्फाची पेटी आहे का, लॅबला किती वाजता पोचणार. आणि जमत असेल तर स्वतः लॅबमध्ये जाऊन द्या. लॅबला एनएबीएल (लॅब तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असेल तर बरंच.

बीपी-थायरॉइडची गोळी सकाळी घ्यायची की नाही ते डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारून ठेवा, मनाने बंद करू नका.

रिपोर्ट हातात आला, आता?

लक्षणं नसताना एका आकड्यावर डायबिटीस ठरत नाही, दोन लागतात. एकाच रक्तात फास्टिंग १३० आणि एचबीए१सी ६.८, तर झाले दोन, निदान पक्कं. फास्टिंग ११८ आणि एचबीए१सी ६.७ असे फुटले, तर जी टेस्ट रेघेच्या वर गेलीय तीच परत करायची, इथे एचबीए१सी, आणि ती परत ६.५ किंवा वर आली तर निदान, फास्टिंग काहीही म्हणो. पण त्याआधी हिमोग्लोबिन बघा, वहिनी आठवा. परत करायची तर सहा महिने थांबू नका, शक्य तितक्या लवकर, आणि त्याच लॅबमध्ये त्याच पद्धतीने. लोक काय करतात, १२९ आली की दुसऱ्या लॅबला जातात, तिथे १२४ आली की आनंदाने घरी. अहो १२९ आणि १२४ यात मशीनचा आणि दिवसाचा फरक आहे फक्त, साखर तुमच्या बाजूने गेलेली नाही. अशा काठावरच्यांनी एचबीए१सी नाहीतर जीटीटी करून सोक्षमोक्ष लावावा, नाहीतर किमान तीन ते सहा महिन्यांनी परत यावं.

प्रीडायबिटीस आला तर दरवर्षी तपासा, मधल्या काळात चालणं आणि वजन. सगळं नॉर्मल आलं आणि स्कोअर कमी असला तर तीन वर्षांनी पुरे. सगळे जुने रिपोर्ट एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावा, वरती पेनने लिहा किती तास उपाशी होता आणि त्या आठवड्यात ताप-औषध काही होतं का, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो, व्हॉट्सअॅपवरचा तिरका फोटो कोणालाच वाचता येत नाही.

आणि निदान पक्कं झालंच, तर टाइप टूमध्ये डोळे, किडनी आणि पाय पहिल्याच वेळेला बघायचे असतात, कारण डायबिटीस नेमका कधी सुरू झाला ते कोणाला माहीत नसतं. क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (दोन्ही किडनीसाठी), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) हे एका फेरीत होतात. डोळ्याच्या पडद्याची तपासणी मात्र डोळ्यांच्या डॉक्टरकडे, त्यात बहुतेक वेळा बाहुली मोठी करायचे थेंब घालतात आणि पुढचे काही तास सगळं धूसर दिसतं, उन्हात तर डोळे उघडवत नाहीत, तेव्हा स्कूटर घेऊन जाऊ नका, कोणालातरी सोबत न्या.